कोल्ह्याला साद घालण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा एकच अट घातली: विषय दवाखान्याबाहेरचा हवा. बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरण, अतिसार आणि कुपोषण यांवरील लेखांची अपेक्षा असते आणि गेली कित्येक वर्षे ती मी इमानाने पुरी करीत आलो आहे. त्या लेखांचा एकमेव चिकित्सक वाचक म्हणजे मुद्रितशोधक, अशी मला दाट शंका आहे. म्हणून या खेपेस माझ्या एका निरुपद्रवी व्यसनाविषयी लिहितो. हिवाळ्यात सवड मिळेल तेव्हा मी किरनापूरच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांतून कोल्ह्यांची हाक ऐकत हिंडतो. पक्षी पाहणाऱ्या माणसाला समाजाने आता मान्यता दिली आहे. कोल्हे ऐकणाऱ्याला अद्याप दिलेली नाही. परिणामी माझे स्नेही या छंदाचा उल्लेख माझ्यासमोर करीत नाहीत, मागे करतात.

लेखाला निमित्त मात्र टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने पुरविले. दिवाळीच्या सुट्टीत आला असता त्याने तिकडच्या कायोटीच्या शिकारीच्या गोष्टी सांगितल्या आणि वर विचारले, “मामा, कोल्हे तर तुमच्याकडेही आहेत. आवाज मोबाइलवर आणलाय. एक रात्र जाऊ या का?” हाच प्रश्न इकडची काही तरुण मुलेही अलीकडे विचारू लागली आहेत. एका वाक्यात उत्तर “नाही” असे आहे. पण नुसत्या नकाराने कोणाचे कुतूहल शमत नाही, हे लहान मुलांच्या डॉक्टरइतके कोणाला कळणार? तेव्हा सविस्तर उत्तर देतो.

प्रथम कायोटीविषयी. कोल्हा आणि लांडगा यांच्या अधला-मधला वाटावा असा हा उत्तर अमेरिकेतील प्राणी. त्याचे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आले आणि थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने 1823 मध्ये त्याला दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘भुंकणारा श्वान’ असा होतो. बंदुका, सापळे आणि विष यांचा मारा शतकभर होऊनही हा प्राणी हटला तर नाहीच, उलट पसरला; आज हवाई वगळता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आढळतो. तिकडे बहुतेक राज्यांत त्याच्या शिकारीला मुभा आहे आणि त्या शिकारीचा प्राण म्हणजे ‘हाक’. तोंडात धरायच्या शिट्टीने किंवा ध्वनियंत्राने जखमी सशाचे केकाटणे काढायचे, वाऱ्याकडे तोंड करून झुडपाच्या सावलीत निश्चल बसायचे आणि पंधरा-वीस मिनिटे वाट पाहायची. कायोटी सरळ समोरून क्वचितच येतो. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, आवाज आला त्या जागेचा वास घेतो आणि मगच निर्णय करतो. नवख्याला तिकडचे जाणते पहिला धडा देतात तो बंदुकीचा नसतो. कुठून आत शिरावे, वारा कोणीकडून वाहतो, आपली सावली कुठे पडते आणि जनावर कोणत्या वाटेने येईल, याचा असतो. अनोळखी प्रदेशात दिवसा जाऊन पाहणी केल्याखेरीज रात्री बसू नये, हा दुसरा.

हे सगळे मला मनापासून पटते. केवळ शेवटची पायरी वगळून. आपल्याकडे ती पायरी कायद्यानेच काढून टाकली आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये कोल्हा हा संरक्षित प्राणी आहे. त्या अधिनियमातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या प्रत्येकाने एकदा वाचावी अशी आहे. मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. विष घालणे, पकडणे, कुत्री सोडून पाठलाग करणे, फास वा सापळा लावणे, हाकारणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे ही सारी शिकारच. मोबाइलवर घायाळ सशाचा आवाज लावून कोल्ह्याला जवळ ओढणारा हौशी मुलगा आपल्या हातात बंदूक नाही म्हणून निर्धास्त असतो. पण आवाजाचे आमिष हेही आमिषच आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर देणार?

कोल्ह्याची शिकार हा आपल्याकडे एके काळी प्रतिष्ठितांचा खेळ होता, हे आज अनेकांना ठाऊक नसते. इंग्लंडातल्या खोकडाच्या पाठलागाची हौस इथे भागेना म्हणून गोऱ्या साहेबांनी त्याच्या जागी कोल्ह्याला नेमले. निलगिरीतल्या उटकमंडच्या हंटमध्ये लाल डगले घालून, घोड्यांवर बसून आणि शिकारी कुत्र्यांचा कळप सोडून कोल्ह्यांचा पाठलाग होत असे. आपल्या मध्यप्रांतात साहेबांचे लक्ष वाघ आणि गव्यावर असल्याने कोल्ह्याला तेवढा मान मिळाला नाही. इथल्या जुन्या शिकाऱ्यांची हाकेची विद्या मात्र पक्की होती. दोन ओठांत झाडाचे पान धरून भेकराच्या पाडसाचा आवाज काढीत, की माय धावत येई. विद्या म्हणून ती थोर, आणि परिणाम म्हणून विचार करण्यासारखी: पिलाच्या आक्रोशाने आईला बोलवायचे आणि मारायचे. लहान मुलांच्या वॉर्डात आयुष्य घालविलेल्या माणसाला तिचे कौतुक करणे जरा जड जाते.

आता आपल्या कोल्ह्याकडे वळू. नावांचा घोळ आधी निस्तरायला हवा, कारण आपण मराठी माणसे हिंदी मुलुखात राहतो आणि दोन्ही भाषांतली जनावरे एकमेकांत मिसळून टाकतो. मराठीतला कोल्हा म्हणजे हिंदीतला सियार. हिंदीतली लोमडी म्हणजे मराठीतले खोकड. शाळेच्या पुस्तकात द्राक्षे आंबट म्हणणारा प्राणी मराठीत कोल्हा झाला आणि हिंदीत लोमडी, तेव्हापासून दोन्हीकडची मुले गोंधळलेली आहेत. खोकड मांजराहून थोडे मोठे, दोन-तीन किलोचे, बारीक पायांचे, टोकाला काळ्या झुपकेदार शेपटीचे. कोल्हा आठ-दहा किलोचा, गावठी कुत्र्यापेक्षा सडपातळ, पिवळट करड्या अंगाचा. रात्री विजेरीच्या झोतात दोन डोळे दिसले की नवखा मनुष्य ‘कोल्हा’ म्हणून ओरडतो. ते निम्म्या वेळा गावातले कुत्रे असते.

किरनापूर बालाघाटहून लांजीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. जिल्ह्याचा हा दक्षिण भाग वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या खोऱ्यातला, सखल आणि धानाचा. पलीकडे गोंदिया जिल्हा आणि महाराष्ट्र. उत्तरेला व पूर्वेला जंगलाचे डोंगर सुरू होतात आणि त्यांची साखळी कान्हापासून नवेगाव-नागझिऱ्यापर्यंत वन्यप्राण्यांच्या जाण्यायेण्याची वाट म्हणून ओळखली जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की कोल्ह्याला दाट जंगल लागत नाही. त्याला हवी असते शेत, झुडूप, नाला आणि तळे यांची सरमिसळ, आणि ती इथे पावलोपावली आहे. बांध्यांचे धुरे, त्यांतली उंदरांची बिळे, बोडीच्या काठचे खेकडे, बोरी, जांभळी, मोह आणि गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर असा त्याचा संसार. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण रचणाऱ्याने त्याच्या आहाराचा अभ्यास माझ्यापेक्षा बारकाईने केला असावा. शेतकऱ्याच्या काकडीचे थोडे नुकसान होते हे खरे, परंतु धान खाणारे उंदीर तो किती संपवतो याचा हिशेब कोणी मांडत नाही.

नवख्याने सुरुवात करायची ती डिसेंबरात. धान कापून झालेले, बांध्या मोकळ्या, नजर आणि कान दोन्ही दूरवर पोहोचणारे. दुसरे कारण कोल्ह्याच्या संसारात आहे. कोल्ह्याची नर-मादी जोडी टिकाऊ असते. डिसेंबर ते एप्रिल या काळात जोड्या जमण्याचे व विणीचे दिवस असल्याने त्यांचे ओरडणे सर्वाधिक असते. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा, म्हणजे कुत्रीइतकाच. उन्हाळ्यात पिले बिळात असतात. त्या दिवसांत बिळाच्या आसपास फिरकूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसाचा वास लागला की मादी पिले उचलून दुसरीकडे नेते, आणि त्या धावपळीत एखादे गमावते.

वेळ दोन: दिवेलागणीनंतरचा पहिला तास आणि पहाटेचा, फटफटण्यापूर्वीचा. मला पहाटेची अधिक प्रिय आहे. त्या वेळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे एरवी वर निघून जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि फार लांबवर ऐकू जातो. दोन-तीन किलोमीटरांवरचा कोल्हा बोडीच्या पलीकडच्या काठावर असल्यासारखा वाटतो. नवख्याची पहिली फसगत इथेच होते. तो आवाजाच्या दिशेने चालू लागतो आणि अर्ध्या तासाने पाहतो तर आवाज तितकाच दूर. पाण्यावरून आलेला आवाज आणखी जवळचा भासतो. टेकडीच्या आडून आलेला दिशा बदलून येतो. म्हणून चालायचे नाही. एका जागी बसायचे, घड्याळ पाहायचे, होकायंत्राने दिशा टिपायची. शक्य असल्यास दुसऱ्या मित्राला एखादा किलोमीटर अंतरावर बसवून त्यालाही तेच करायला सांगायचे. घरी येऊन दोघांच्या रेषा नकाशावर ओढल्या की जिथे त्या छेदतात तिथे कोल्हा होता. हृदयाचे ठोके ऐकून झडप ओळखणाऱ्या आपल्या मंडळींना ही रीत अवघड जाऊ नये. इथे फक्त स्टेथोस्कोप दोन लागतात.

आवाज ओळखणे हा सरावाचा भाग. आरंभी एकटा कोल्हा लांब, चढत जाणारा सूर दोन-तीनदा काढतो. त्यावर जोडीदार मिसळतो आणि मग आखूड, तुटक, एकमेकांवर चढणारी किंकाळी उठते. ती ऐकून नवखा मनुष्य ‘वीस-पंचवीस असतील’ असे सांगतो. बहुधा तीन किंवा चार असतात. पावसाळ्याच्या अखेरीस वाढती पिले सामील झाली की हा गोंगाट अधिकच फसवा होतो. एका कुटुंबाने हाक दिली की थोड्या अंतराने शेजारचे कुटुंब देते, मग तिसरे. ‘इथवर आमचे’ असे सांगण्याची ही त्यांची पद्धत आहे. आपण मराठीत निरर्थक कोलाहलाला कोल्हेकुई म्हणतो. प्रत्यक्षात ती सातबाऱ्याची जाहीर वाचनसभा असते.

याखेरीज एक वेगळी हाक आहे. एकच, कर्कश, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी. आपल्याकडे जुनी माणसे ‘भालू ओरडते’ असे म्हणून ती अशुभ मानतात. मी एका खेड्यात ताप आलेल्या मुलाला पाहायला गेलो असता त्याची आजी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, रातभर भालू बोंबलली जी, म्हणून जीव घाबरला.” मुलाला मलेरिया होता आणि तो बरा झाला. आजीच्या भीतीला मात्र मी हसलो नाही, कारण जंगलातली माणसे या हाकेचा संबंध वाघ-बिबट्याच्या वावराशी लावतात आणि तो अनुभवाचा भाग आहे. ती ऐकू आली की मी उठतो आणि घरी येतो. शुभाशुभाचा प्रश्नच नाही. बिबट्याशी माझा परिचय वाढावा, अशी इच्छा नाही इतकेच.

यापुढचा भाग नवख्यांनी सर्वांत लक्षपूर्वक वाचावा. अनोळखी प्रदेशात रात्री हिंडण्यातला खरा धोका कोल्ह्याकडून नसतो. तो जमिनीलगत ताणलेल्या तारेकडून असतो. रानडुकरांसाठी विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून धुऱ्यालगत वा नाल्याच्या तोंडाशी उघडी तार ताणण्याचा अघोरी प्रकार आपल्या बालाघाट-सिवनीपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत सर्वत्र चालतो. त्या तारेने डुकरे मरतात, वाघ मरतात आणि माणसेही मरतात. तार रात्री दिसत नाही, वाजत नाही. म्हणून नियम असा, की ज्याच्या शेतात बसायचे त्याला आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटून विचारायचे. शेजारच्या शेतकऱ्यालाही विचारायचे, आणि एकदा बसलो की उजाडेपर्यंत जागा सोडायची नाही. विचारण्याने आणखी एक काम होते: रात्री शेतात विजेरी हलताना दिसली की गावकरी चोर समजतात. ते समजणे चुकीचे नाही. आपला हा भाग वर्षानुवर्षे नक्षली हालचालींच्या छायेत होता. 1999 च्या डिसेंबरात राज्याचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्या गावी हत्या झाली, तेव्हा सूर्यास्तानंतर रस्ते कसे निर्मनुष्य होत ते माझ्या पिढीने पाहिले आहे. त्या आठवणी असलेल्या गावात अंधारात अनाहूत जाऊ नये. पोलीस ठाण्यात आणि वनरक्षकाला कळवून जाणे यात कमीपणा कसला? राखीव जंगलात तर परवानगीवाचून पाऊलच टाकायचे नाही.

साप हा दुसरा. बांध्यांत उंदीर, उंदरांमागे घोणस. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात विजेरी यांना पर्याय नाही, आणि तणसाच्या ढिगाला टेकून बसण्याचा मोह आवरायचा. तिसरे अस्वल: मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की पहाटे मोहाखाली जाऊ नये. मोह वेचणाऱ्या बायाबापड्यांना पोटासाठी जावे लागते. आपल्याला छंदासाठी जाण्याचे कारण नाही. चौथे म्हणजे रस्ता चुकणे. सगळ्या बांध्या अंधारात सारख्याच दिसतात, धुरे वळत जातात आणि माणूस गोल फिरून पुन्हा त्याच बोडीवर येतो. याला आपल्याकडे ‘चकवा लागणे’ म्हणतात. नवेगाव आणि नागझिऱ्यात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी आपल्या आत्मचरित्राचे नाव ‘चकवाचांदण’ ठेवले, त्यातला हा चकवा. त्यावर उतारा सोपा आहे. दिवसा येऊन वाट चालून पाहायची, दोन-तीन उंच झाडे मनात धरायची आणि परतताना पायवाट सोडून जवळच्या वाटेचा लोभ धरायचा नाही.

आता भाच्याच्या मूळ मुद्द्याकडे येतो: साद घालावी की नाही? कोल्हा सादेला उत्तर देतो, हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. युरोपात गेल्या काही दशकांत आपलाच हा सोनेरी कोल्हा बाल्कन प्रदेशातून उत्तरेकडे व पश्चिमेकडे पसरत चालला आहे. ग्रीस, हंगेरी, क्रोएशिया वगैरे देशांत त्याची मोजदाद ध्वनिमुद्रित हाक वाजवून करतात. ठरलेल्या जागी थोडा वेळ हाक वाजवायची, थांबायचे, उत्तर आले की दिशा टिपायची आणि पुढच्या जागी जायचे. तिथे ते काम प्रशिक्षित माणसे परवानगीने, मोजक्या रात्री करतात. आपण सहज गंमत म्हणून रोज संध्याकाळी परका कोल्हा वाजवू लागलो तर काय होईल? ज्या जोडीची ती हद्द आहे तिला वाटेल की कोणी घुसखोर आला. ती शिकार सोडून, पिले सोडून येईल, ओरडेल, शोधेल. चार दिवसांनी कंटाळून उत्तर देणे थांबवील, आणि मग खरा ऐकणारा जो आहे त्यालाही काही ऐकू येणार नाही. त्याहून वाईट असे, की ओरडणारी जोडी कुठे आहे ते फास लावणाऱ्यालाही कळेल. ‘सियारसिंगी’ नावाचे एक केसाळ गाठोडे लक्ष्मी येण्यासाठी तिजोरीत ठेवायला विकले जाते, हे आपण सर्व जाणतो. कोल्ह्याला शिंग नसते. तरी त्या नसलेल्या शिंगासाठी असलेला कोल्हा मारला जातो, आणि विकत घेणाऱ्यांत सुशिक्षित मंडळी असतात हे लिहिताना संकोच वाटतो. म्हणून माझा नियम: आपण गप्प बसायचे. त्यांना आपणहून बोलायचे असते, ते बोलतात.

भाच्याला मी एक गोष्ट सांगितली ती त्याच्याच राज्यातली. 1988 मध्ये दक्षिण टेक्सासात, मेक्सिकोच्या सीमेलगत, कुत्र्यांमधला रेबीजचा विषाणू कायोटींमध्ये शिरला आणि वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. शिकारीच्या कुंपणांत सोडण्यासाठी टेक्सासातून कायोटी फ्लोरिडात नेले गेले, आणि 1994 मध्ये तिथल्या कुत्र्यांत तोच विषाणू निघाला. छंदाने रोगाला शेकडो मैलांचा प्रवास फुकट घडविला. 1995 पासून टेक्सास सरकारने विमानांतून लसयुक्त आमिषे टाकली, कायोटींनी ती खाल्ली आणि साथ हटली. 2007 मध्ये अमेरिकेने कुत्र्यांच्या विषाणूप्रकारापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. गोळ्या घालून जे साधले नव्हते ते तोंडावाटे दिलेल्या लसीने साधले. बालरोगतज्ज्ञाला पोलिओची आठवण होणे स्वाभाविकच आहे.

आपल्याकडे रेबीजचे घर कुत्रे हेच आहे; कोल्ह्याला तो कुत्र्याकडून लागतो. पण लागला की कोल्हा विलक्षण धोकादायक होतो. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला तबाकी नावाचा कोल्हा आठवतो का? कथा घडते ती आपल्या शेजारच्या सिवनीच्या डोंगरांत, वैनगंगेच्या काठी. तबाकीला सारे जंगल तुच्छ लेखते आणि तरी भिते, कारण तो पिसाळतो. त्या वेडाला तिथे ‘दिवाणी’ असे नाव आहे. 1894 च्या त्या बालकथेतले हे निरीक्षण वैद्यकाच्या पुस्तकात शोभावे असे आहे. निरोगी कोल्हा माणसाला पाहून पळतो. भर दिवसा गावात येणारा, न बिचकणारा, दिसेल त्याला चावत सुटणारा कोल्हा रेबीजचा आहे असेच धरावे. 2024 मध्ये मुंबईच्या चेंबूर-ट्रॉम्बे परिसरातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला तेव्हा महानगरालाही याची जाणीव झाली.

वैद्यकमित्रांना पुढचे सांगणे आगाऊपणाचे ठरेल. हे इतर वाचकांसाठी. कोल्हा वा कोणताही वन्यप्राणी चावला तर जखम कितीही लहान असली तरी ती तिसऱ्या श्रेणीची समजतात. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा म्हणजे घड्याळाची पंधरा. तिखट, हळद, चुना, तंबाखू काही लावू नये. टाके घालण्याची घाई करू नये. त्याच दिवशी लस, आणि जखमेत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन. लस दंडात, तान्ह्यांना मांडीत. कुल्ल्यावर कदापि नाही. स्नायूत घेतल्यास 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, त्वचेत घेतल्यास 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. माझ्या विद्यार्थिदशेत मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली जुनी लस होती आणि पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने लोक मुलांना झाडपाल्यावाल्याकडे नेत. ती लस 2004 मध्ये बंद झाली, पण चौदा इंजेक्शनांची भीती खेड्यांतून अजून गेलेली नाही. आईवडिलांना मी आजही पहिले वाक्य हेच सांगतो, की पोटात काही टोचायचे नाही. मुले उंचीने लहान असल्याने चावा डोक्या-तोंडावर बसतो, विषाणूला मेंदूपर्यंतचा रस्ता कमी उरतो आणि वेळही. शिवाय कुत्र्याच्या पिलाने ओरबाडले ते मूल मार बसेल म्हणून घरी सांगतच नाही.

रात्री-बेरात्री शेतातून नियमित हिंडणाऱ्याने स्वतःही आधीच लस घेऊन ठेवावी: 0, 7 आणि 21 वा 28 वा दिवस. मग पुढे चावा झाल्यास 0 आणि 3 या दिवशी दोन मात्रा पुरतात व इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. लस टोचायला आलेल्या कोणालाही मी सोबत कोल्हे ऐकायला यायचे निमंत्रण देतो; ते स्वीकारणारे अद्याप दोघेच निघाले.

भाचा त्या दिवाळीत माझ्याबरोबर तीन पहाटे आला. मोबाइल त्याने घरी ठेवला होता. पहिल्या दिवशी फक्त टिटवी ओरडली आणि एका घरचा कोंबडा. दुसऱ्या दिवशी धुके होते. तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास नाल्याच्या अंगाने एकाने सुरू केले, दुसऱ्याने धरले, मग बोडीपलीकडून आणखी एका कुटुंबाने उत्तर दिले. त्याने वहीत वेळ लिहिली, दिशा लिहिली, संख्येच्या रकान्यात आधी ‘वीस’ लिहिले आणि थोडा विचार करून ते खोडून ‘तीन किंवा चार’ असे केले.